रायफल दस्त्यात अडकू नये म्हणून: घरी बेडिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी

“मेण भरपूर लावले होते, तरी निघत नाही.” दस्त्यात अडकलेली रायफल आमच्याकडे येते तेव्हा हे वाक्य तिच्यासोबत येतेच, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. बेडिंग म्हणजे ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) दस्त्यात नेमकी बसावी म्हणून दोघांमध्ये इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद, भरणे. मेणामुळे इपॉक्सी धातूला चिकटत नाही. पण ॲक्शनच्या एखाद्या भोकात किंवा खाचेत शिरून ती तिथेच घट्ट झाली, तर कितीही मेण असले तरी रायफल निघणार नाही. कुलपात किल्ली तिरकी अडकावी तसा हा प्रकार आहे. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी.

पण मुळात बेडिंगची गरज आहे का, ते आधी बघा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा. दस्त्याचे दोन्ही स्क्रू आणि स्कोपच्या माउंटचे स्क्रू तपासा. ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा झुबका) विस्कटल्याची निम्मी तक्रार इथेच मिटते. मग रायफल उभी धरा, नळी आणि दस्ता जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. नळी सरकल्याचे बोटाला जाणवले, तर ॲक्शन दस्त्यात वाकून बसली आहे. डायल गेज असेल तर 0.05 मिमीपेक्षा जास्त हालचाल आम्ही बेडिंगचे लक्षण मानतो. मागच्या स्क्रूवरही हीच चाचणी करा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नळी मोकळी करणे. जाड कागदाची पट्टी नळीखालून ॲक्शनपर्यंत सरकवा. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि गोल दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून तेवढेच घासा. एक ते दीड मिमी फट पुरते. उघड्या पडलेल्या लाकडावर वार्निशचे दोन हात द्या, नाहीतर दमट हवेत लाकूड फुगून पुन्हा नळीला टेकेल. काही बारीक नळ्यांना मात्र कारखान्यातूनच दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम आधार दिलेला असतो. तो काढल्यावर ग्रुप बिघडूही शकतो. म्हणून घासण्याआधी ॲक्शनच्या पुढच्या भागाखाली पत्त्याच्या कार्डाची चकती ठेवून नळी तात्पुरती उचला आणि गोळ्या झाडून बघा. लाकूड एकदा घासले की परत येत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर रिकॉइल लग (ॲक्शनखालचा, गोळीचा धक्का दस्त्यावर टेकवणारा धातूचा ठोकळा) आणि मागची टँग (ॲक्शनची शेपटी) एवढ्याच दोन जागी बेडिंग करा. त्याला साधारण 50–60 ग्रॅम इपॉक्सी लागते. पूर्ण ॲक्शन भरण्याची घाई करू नका. धक्का लग घेते, त्यामुळे बहुतेक फायदा तिथेच मिळतो. इपॉक्सी धातूची पूड घातलेली, घट्ट लोण्यासारखी आणि सावकाश सुकणारी घ्या. पाच मिनिटांत सुकणारी घेऊ नका, हात स्थिर होण्याआधी ती दगड होते. दोन भागांचे प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने, हे डब्यावर नीट वाचा. चुकले तर इपॉक्सी कायम रबरासारखी राहते.

लगच्या जागेचे लाकूड पटाशीने दीड-दोन मिमी काढा, तळ खडबडीत करा, तेलाचा अंश ॲसिटोनने पुसा. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या दस्त्यावर इपॉक्सी नीट धरत नाही. तिथे बारीक, उथळ भोके पाडावी लागतात. टँगखाली मूळ लाकडाची एक छोटी कड शाबूत ठेवा, म्हणजे ॲक्शनची उंची बदलत नाही.

आता मूळ मुद्दा. मेण लावण्याआधी ॲक्शन उलटी धरा आणि इपॉक्सी कुठे कुठे शिरू शकेल ते शोधा. ट्रिगरची खोबण, मॅगझिनची चौकट, स्क्रूची भोके, बोल्ट स्टॉपची फट, सेफ्टीची खाच, ट्रिगरच्या पिनांची टोके: सगळे मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीने भरा आणि पृष्ठभागाशी सपाट करा. ग्राहक मोठी खोबण भरतात आणि पिनेची दोन मिमीची भोके विसरतात. आमच्याकडे येणाऱ्या रायफली बहुतेक या बारीक भोकांमुळेच अडकलेल्या असतात.

लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागावर टेपचा एक थर लावा. मागच्या पृष्ठभागावर टेप नको. धक्का तिथेच टेकतो, तिथे धातू इपॉक्सीला पूर्ण भिडला पाहिजे. टेप विसरलात तर लग चारही बाजूंनी आवळली जाते आणि रायफल सरळ वर निघत नाही. मेण किंवा बिनरंगी बूट पॉलिश दोन पातळ हातांनी लावा, स्क्रूच्या आट्यांनाही. नळीवर दस्त्याच्या टोकाजवळ विजेच्या कामाच्या टेपचे दोन-तीन वेढे द्या, म्हणजे नळी मधोमध राहते.

ॲक्शन बसवताना स्क्रू आवळू नका. डोकी कापलेले स्क्रू फक्त दिशा धरायला वापरा आणि वरून टेप किंवा रबराच्या पट्टीने हलकेच बांधा. आवळून सुकवलेले बेडिंग म्हणजे वाकलेल्या ॲक्शनचा कायमचा साचा. काम वाया. बाहेर आलेली इपॉक्सी ओली असतानाच व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. चोवीस तासांनी सरळ वर उचला. गोळी मात्र उत्पादकाने दिलेली पूर्ण मुदत संपल्यावरच झाडा. शेवटी स्क्रू आवळताना उत्पादकाचा आकडा पाळा. तो नसेल तर पिलर (दस्त्यात स्क्रूभोवती बसवलेली धातूची नळी) नसलेल्या लाकडी दस्त्याला 4 ते 5 न्यूटन-मीटर, पिलर असल्यास 7 च्या आसपास.

तरीही अडकलीच तर पेचकस घालून उचकटू नका. त्याने दस्त्याची कड जाते आणि रायफल तिथेच राहते. स्क्रू निघत नसेल तर गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्या टोकावर एक-दोन मिनिटे धरा, इपॉक्सी मऊ पडते. स्क्रू काढून रायफल काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग नळी हातात धरून दस्त्यावर नायलॉनच्या हातोडीने हलके ठोका. दोनदा करूनही हलली नाही तर थांबा आणि तशीच घेऊन या. जोर लावून मोडलेला दस्ता दुरुस्त करण्यापेक्षा अडकलेली रायफल सोडवणे आम्हाला सोपे जाते. तुमचा खर्चही कमी होतो.

बेडिंगला आम्ही चार दिवस घेतो, त्यावर ग्राहक कुरकुरतात. त्यातला एक पूर्ण दिवस फक्त भोके भरणे, टेप आणि कोरडी बसवून पाहणे यात जातो. तो वाचवला की काय होते ते वर लिहिलेच आहे. ग्रुप अमुक इतका होईल असे वचन आम्ही देत नाही. नळी झिजलेली असेल किंवा तिचे तोंड खराब असेल, तर बेडिंग काही करू शकत नाही. ते मात्र काम घेण्याआधी तपासून सांगतो.

स्वतः करणार असाल तर ॲक्शन उलटी धरून तिचा जवळून फोटो काढा आणि आम्हाला दाखवा. कुठली भोके भरायची ते खुणा करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. माती, टेप, मेण आणि मोजून दिलेली इपॉक्सी एका पिशवीत हवी असेल तर तीही मिळते. काम आमच्याकडे देणार असाल तर रायफल रिकामी, बोल्ट वेगळा, स्कोप उतरवलेला आणि मूळ स्क्रू सोबत असावेत.