स्पिनेकर की गेनेकर?

मागून वारा घेऊन निघालेल्या नौकेपुढे भलंमोठं रंगीत शीड फुगलेलं दिसलं की आपण सरसकट 'स्पिनेकर' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा तो गेनेकर असतो. दोन्ही पातळ नायलॉनचे, दोन्हींची कड पुढच्या तारेला (डोलकाठीपासून नौकेच्या पुढच्या टोकापर्यंतच्या) न अडकवता मोकळी सोडलेली. ओळखायचे ते खालच्या कोपऱ्यांवरून.

स्पिनेकरच्या दोन्ही उभ्या कडा सारख्याच. वाऱ्याकडचा कोपरा डोलकाठीपासून बाहेर काढलेल्या पोलच्या, म्हणजे आडव्या दांडीच्या, टोकाशी असतो, म्हणून वारा थेट पाठीमागून आला तरी शीड भरतं. गेनेकरची पुढची कड लांब आणि तिचा खालचा कोपरा नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर बांधलेला, पोल नाही. त्याला वारा जरा बाजूने लागतो. अगदी मागून आला, तर मुख्य शिडाच्या आडोशात तो लोळतो. त्यामुळे गेनेकरवाल्याला तिरकं जाऊन मधूनमधून जाइब घ्यावी लागते, म्हणजे नौकेची मागची बाजू वाऱ्यातून वळवून शीड दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. अंतर वाढतं.

पण भर समुद्रात मी आधी जाइबचाच विचार करेन. स्पिनेकरला कुणीतरी हेलकावणाऱ्या नाळेजवळ जाऊन पोल या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर न्यायचा असतो. गेनेकरला एका बाजूचा दोर सोडायचा, शीड पुढच्या तारेच्या पुढून फिरू द्यायचं आणि दुसरा दोर झपाझप ओढायचा, तोही कॉकपिटमधूनच. तिथे हात आखडला तर शीड तारेला पीळ घालतं: मध्ये आवळलेलं, वर-खाली दोन फुगे. रात्री तो पीळ सोडवणं फार जिवावरचं काम आहे.

2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या नौदल अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 56 फुटी 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, दोघींनीच. एक झोपलेली असताना दुसरीच्या वाट्याला अख्खी नौका येते. एवढ्या कमी हातांत मी तरी सॉक (शिडावर वर-खाली सरकणारी कापडी नळी) घातलेला गेनेकरच निवडेन.

उतरवताना मात्र दोन्हींचा नियम एकच. नौका वाऱ्यापुढे वळवून शीड मुख्य शिडाच्या आडोशाला आणायचं, ते मलूल झालं की सॉकची नळी खाली ओढायची, मगच हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, विंचवरून (दोर गुंडाळायच्या फिरत्या पिंपावरून) हळूहळू सोडायचा. दोर एकदम सुटला तर शीड पाण्यात पडून जाळ्यासारखं भरतं आणि दोघांच्या ताकदीने वर येत नाही. वारा वाढतोय अशी शंका आली, की तेव्हाच उतरवावं.