हेगच्या न्यायालयात पीडित म्हणून अर्ज: फॉर्म अडतो कुठे?

युद्धात घर जळालं, माणूस गेला, मूल पळवून नेलं, तर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातल्या खटल्यात पीडित म्हणून सहभागी होता येतं. आरोपी दोषी ठरला तर भरपाईही मागता येते. अर्जाला फी नाही. ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पहिला घोळ पत्त्याचा. अभियोक्ता कार्यालयाला (म्हणजे तपास करून खटला चालवणाऱ्या विभागाला) गुन्ह्याची माहिती कोणीही कळवू शकतं, पण ते पत्र म्हणजे पीडिताचा अर्ज नव्हे. अर्ज ठरावीक फॉर्मवर निबंधक कार्यालयाकडे जातो. पत्राची पोच आली म्हणून निर्धास्त बसू नका.

घटना 1 जुलै 2002 नंतरची हवी. त्याआधीचं दुःख कितीही मोठं असलं तरी हे न्यायालय त्याला हात लावू शकत नाही.

खरी मेख आरोपांत आहे. तुमचं नुकसान आरोपीवर ठेवलेल्या नेमक्या आरोपाशी जुळावं लागतं. काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याच्यावर 15 वर्षांखालच्या मुलांना सैन्यात भरती करून लढवल्याचा आरोप होता, तोही सप्टेंबर 2002 ते ऑगस्ट 2003 एवढ्याच काळातला. त्याच सैनिकांनी ज्यांची गावं लुटली, ती माणसं त्या खटल्यात पीडित ठरली नाहीत. ऐकायला क्रूर वाटतं, आणि आहेच. म्हणून फॉर्म भरण्याआधी आरोपातलं ठिकाण, तारखा आणि गुन्हा वाचून घ्या.

तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. ‘पेरणी उरकली होती, शाळा नुकतीच बंद पडली होती’ असं लिहिलेलं चालतं. मनाने घातलेली तारीख पुढे जबाबात उलटते.

आता ओळखपत्र. घरासोबत कागदही जळालेत, हे न्यायाधीशांना ठाऊक असतं. लुबांगा खटल्यात मतदार कार्ड, शाळेचा दाखला, स्थानिक अधिकाऱ्याचं पत्र ग्राह्य धरलं गेलं. काहीच नसेल तर दोन विश्वासू साक्षीदारांचं निवेदन. प्रत्येक खटल्यातलं न्यायपीठ आपले निकष ठरवतं, तेही तपासा. एका कागदावर वडिलांचं नाव एक आणि दुसऱ्यावर स्पेलिंग वेगळं, असं असेल तर फरक का पडला ते दोन ओळींत लिहा. गप्प राहिलात तर शंका येते. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, प्रती पाठवा. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मुलांच्या वतीने पालक अर्ज करू शकतात.

मुदतीबाबत अर्धवट ऐकीव माहिती फिरते. ‘या गुन्ह्यांना मुदत नसते’ हे खरं आहे, पण ते खटला चालवण्याबाबत. फॉर्म पोहोचण्याची शेवटची तारीख न्यायपीठ प्रत्येक खटल्यात ठरवतं आणि ती चुकली की विनवण्या कराव्या लागतात.

गावातला शिकलेला माणूस सगळ्यांचे फॉर्म एकाच मजकुरात भरून देतो. हेतू चांगला असतो, पण वीस फॉर्ममध्ये तेच वाक्य दिसलं की वीसही संशयात येतात. लुबांगाच्या 2012 च्या निकालात, जबाब विश्वासार्ह न वाटल्याने काहींचा पीडिताचा दर्जा काढून घेतला गेला. आपल्याच शब्दांत सांगा, ओबडधोबड असलं तरी. नाव उघड झाल्यास धोका असेल तर तेही फॉर्ममध्येच नोंदवा.

आणि भरपाईची आस बेताने धरा. काँगोचा नेता ज्याँ-पिएर बेम्बा याच्यावरच्या खटल्यात 5 हजारांहून अधिक पीडित सहभागी होते. 2018 मध्ये अपिलात तो सुटला आणि त्याच्याविरुद्ध भरपाईचा आदेश देण्याचा मार्गच बंद झाला.

फोन नंबर किंवा मुक्काम बदलला की वकिलाला आणि निबंधक कार्यालयाला कळवा. काँगोतल्या बोगोरो गावावर हल्ला झाला फेब्रुवारी 2003 मध्ये आणि भरपाईचा आदेश निघाला मार्च 2017 मध्ये. चौदा वर्षांपूर्वीच्या नंबरवर तुम्ही सापडाल का?