फ्रीबीएसडीचं स्टेबल आणि रिलीज: सर्व्हरवर कुठलं टाकायचं?

फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) पहिल्यांदा उतरवून घेणारा माणूस हमखास इथे फसतो. एका इन्स्टॉल इमेजवर रिलीज लिहिलेलं, दुसरीवर स्टेबल, आणि सर्व्हर आहे म्हटल्यावर स्टेबलच बरं, असा विचार करून तो तीच उचलतो. इथे मात्र प्रकरण उलटं आहे. स्टेबल ही डेव्हलपमेंटचीच ब्रांच (कोडची वेगळी चालणारी शाखा), तिच्यात सतत कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, पडत असतात, आणि टाकून निवांत राहायचं ते रिलीज.

असं का, ते कळायला कोड कुठून कुठे जातो ते बघायला लागतं. लिनक्सवरून आलेल्यांसाठी आधीच सांगतो, इथे कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका प्रोजेक्टचा, सी लायब्ररी दुसऱ्याची, रोजच्या कमांड तिसऱ्याच्या असली भानगड नाही, कर्नल, लायब्ररी, कमांड, मॅन पेजेस सगळं एकाच सोर्स ट्रीमधे, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात असतं. ही ट्री आधी सीव्हीएसमधे होती, मग सबव्हर्जनमधे, आणि 2020 च्या डिसेंबरात गिटवर आली (तिन्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी साधनं). तिची मुख्य ब्रांच मेन, तिलाच सगळे करंट म्हणतात, नवीन काम आधी तिथेच पडतं. मोठं व्हर्जन जवळ आलं की मेनमधून स्टेबल/14 सारखी ब्रांच फुटते, आणि तिच्यातून प्रत्येक पॉइंट रिलीजसाठी, म्हणजे मधल्या छोट्या व्हर्जनसाठी, रेलेंग/14.1, रेलेंग/14.2 अशा ब्रांच. बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट) वगैरे चाचणीची व्हर्जन होऊन रिलीज निघतं ते या शेवटच्या ब्रांचमधून.

आता समजा कुणी एका नेटवर्क ड्रायव्हरमधला बग सोडवला. कमिट मेनमधे गेलं, आणि मेसेजच्या खाली बऱ्याचदा एक ओळ दिसते, ‘एमएफसी आफ्टर: 1 वीक’. एमएफसी म्हणजे मर्ज फ्रॉम करंट. थोडक्यात काय, करंट चालवणाऱ्यांच्या मशीनवर आठवडाभर मुरू दे, कुणी बोंब मारली नाही तर स्टेबलमधे घेऊ. मुदत संपली की कमिटर ‘गिट चेरी-पिक -एक्स’ मारतो, म्हणजे तेवढंच कमिट उचलून स्टेबलवर ठेवतो, त्यामुळे मूळ कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) नव्या मेसेजमधे राहतो आणि कुठलं फिक्स कुठून आलं ते नंतर शोधता येतं (नावात मर्ज असलं तरी आता मर्ज कुणी करत नाही, जुनं नाव चिकटलंय ते चिकटलंय).

बरं, फिक्स स्टेबलमधे आलं, मग 14.1 रिलीज चालवणाऱ्याला मिळालं का? नाही! रेलेंग ब्रांचमधे फक्त सिक्युरिटी ॲडव्हायझरी (सुरक्षेची सूचना) आणि एराटा नोटीस (गंभीर चुकांची सूचना) निघालेले पॅच जातात, बाकी सगळ्यांनी पुढच्या पॉइंट रिलीजची वाट बघायची. लोकांना हे खडूसपणाचं वाटतं, मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो.

मग स्टेबलमधे स्थिर काय आहे? तर एबीआय, म्हणजे बिल्ड झालेला प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्यातला इंटरफेस. 14.0 वर बिल्ड केलेला प्रोग्रॅम त्याच ब्रांचच्या पुढच्या रिलीजवरही चालला पाहिजे, हे वचन आहे. तुमचं मशीन कधी पडणार नाही हे वचन नाही. कर्नल मॉड्यूलच्या बाबतीत तर वचनही जरा सैलच आहे, ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड ही ड्रायव्हर मॉड्यूल वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

फरक डोळ्यासमोर आणायचा तर 2024 च्या मार्चअखेरचं एक्सझेड प्रकरण घ्या. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमधे लपवलेलं बॅकडोअर (चोरदरवाजा) उघडकीला आलं तेव्हा फ्रीबीएसडीच्या सपोर्टमधल्या सगळ्या रिलीजमधे एक्सझेडचं आधीचं व्हर्जन होतं, पण मेन, स्टेबल/14 आणि स्टेबल/13 या तिन्हींमधे 5.6.0 येऊन बसलं होतं. नुकसान झालं नाही, कारण कोड आत घेताना बॅकडोअरचे तुकडे आलेच नव्हते, मूळ प्रोजेक्टची बिल्ड यंत्रणा इथे वापरतच नाहीत, आणि हल्ल्याचा रोख जीलिबसी ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर होता. तरी मुद्दा दिसतो, नवीन माल स्टेबलपर्यंत बऱ्यापैकी लवकर पोचतो.

अपडेटचंही तसंच वेगळं. रिलीजवर फ्रीबीएसडी-अपडेट चालवलं, तयार बायनरी पॅच आले, झालं. स्टेबलवर ते चालत नाही, तिथे नेहमीची पद्धत म्हणजे सगळं सोर्समधून स्वतः बिल्ड करून बसवायचं: गिट पुल, मग अपडेटिंग नावाची फाइल वाचायची (खरंच वाचायची), बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट, इन्स्टॉलवर्ल्ड, ईटीसीअपडेट, आणि जुन्या मशीनवर बिल्डवर्ल्डला लागणारा वेळ वेगळाच. बेस सिस्टिम पॅकेजमधून घ्यायचा रस्ताही आहे, त्यात आत्ता शिरत नाही. रिलीजलाही एक काच आहेच, पुढचं पॉइंट रिलीज आलं की आधीच्याचा सपोर्ट 3 महिन्यांत संपतो, त्यामुळे एकदा टाकून वर्षानुवर्षं हात लावायचा नाही असं इथेही जमत नाही.

ओपनबीएसडी या भावंड सिस्टिमवरून येणाऱ्यांचा गोंधळ अजून वेगळा, कारण तिथे स्टेबल म्हणजे रिलीज अधिक एराटाचे पॅच, म्हणजे फ्रीबीएसडीत जे रेलेंग ब्रांच करते साधारण तेच.

स्टेबल घ्यायचंच तर ज्याला एखादं ठराविक फिक्स आत्ताच हवंय किंवा पुढचं रिलीज आधी आपल्या हार्डवेअरवर तपासायचंय त्याने घ्यावं, बाकीच्यांनी उगाच खाज म्हणून घेऊ नये.

आपल्याकडे काय चाललंय ते बघायला यूनेम -आर मारा. 14.1-रिलीज-पी3 असं काही आलं तर रिलीज, शेपटीचा आकडा पॅच लेव्हलचा. 14.1-स्टेबल आलं तर 14.1 नंतरची स्टेबल ब्रांच, आणि प्रीरिलीज दिसलं तर तीही स्टेबलच, फक्त पुढच्या रिलीजची तयारी सुरू झालीय. एक अडचण आहे, यूनेम चालू कर्नलचंच व्हर्जन सांगतं, पॅच फक्त युजरलँडचा (कर्नलबाहेरच्या लायब्ररी, कमांड वगैरेंचा) असेल तर तिथला आकडा हलत नाही आणि लोक अपडेट लागलंच नाही म्हणून परत परत चालवत बसतात. अशा वेळी फ्रीबीएसडी-व्हर्जन -यू बघायचं.