पाकळी सरकली म्हणून ड्रायव्हर बदलू नका

2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचं काम हळूहळू प्लायवूड आणि एमडीएफकडे वळलं. कोकणात याचा फायदा सुतारांना झाला. दरवाज्यावरची वेलबुट्टी, देव्हाऱ्याची कमान, मखराची जाळी, सगळं आता सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर निघतं. पण हे काम येतं ऐन पावसाळ्यात, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे कुठल्याही यंत्राची सत्त्वपरीक्षा. श्रावण लागला की फोन सुरू होतात: "ह्येका काय झालां? काल बरां होतां!"

तक्रार बहुतेक वेळा एकाच जातीची. फणसाच्या फळीवर कमळ कोरायला घेतलं. पहिल्या पाच पाकळ्या सुबक निघाल्या, सहावी जराशी उजवीकडे गेली, पुढच्या सगळ्या तेवढ्याच उजवीकडे. शेवटी बाहेरचं वर्तुळ दोन पाकळ्यांची टोकं कापून गेलं. फळी वाया. मग कुणीतरी सांगतं, ड्रायव्हर (मोटरला वीज देऊन फिरवणारा पॅनलमधला डबा) गेला असणार, बदलून बघ. ड्रायव्हर बदलला जातो, मग केबल, मग मोटर, आणि शेवटी दोष निघतो मोटरचा दांडा पुढच्या लांब स्क्रूला जोडणाऱ्या कपलिंगच्या ढिल्या ग्रब स्क्रूत, जो ॲलन की घेऊन अर्ध्या मिनिटात आवळता आला असता. म्हणून माझं म्हणणं असं की पॅनलचं दार उघडण्याआधी ती वाया गेलेली फळी नीट मोजावी. दोष कुठे आहे, याचा निम्माअधिक पत्ता तिच्यावरच असतो.

आपल्याकडच्या बहुतेक राउटरना स्टेपर मोटर असते. तिची एक पायरी 1.8 अंशाची, म्हणजे एका फेऱ्याला 200 पायऱ्या. ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे आणखी बारीक तुकडे पाडतो. आठ पाडले तर फेऱ्याला 1600 पल्स, म्हणजे विजेचे ठोके लागतात. मोटरने फिरवलेल्या स्क्रूच्या एका फेऱ्यात कोरणारा बिट वाहणारी गाडी 5 मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला 320 पल्स झाले. कंट्रोलर हे पल्स मोजून पाठवतो आणि मोकळा होतो. मोटर खरोखर फिरली का, हे त्याला कळायला मार्गच नसतो, कारण मोटरकडून परत येणारी तारच नसते. कंट्रोलरच्या हातात धरायच्या डीएसपी हँडलवर दिसणारा आकडा गाडी कुठे असायला हवी ते सांगतो. ती कुठे आहे ते नाही. मध्ये काही हुकलं की तिथून पुढचं सगळं काम तेवढंच सरकून, पण अगदी आत्मविश्वासाने होत राहतं.

आता मोजमाप. 100 मिलिमीटरची रेघ 99.5 भरली आणि 400 ची 398, तर काहीही घसरलेलं नाही. मिलिमीटरला किती पल्स हा आकडा सेटिंगमध्ये चुकलाय, तो सुधारला की झालं. दुसरा प्रकार, वर्तुळ नीट गोल येत नाही, घड्याळाच्या 12, 3, 6 आणि 9 या जागी जरासं चपटं किंवा पायरी पडल्यासारखं दिसतं. तिथे एकेका अक्षाची दिशा उलटते आणि स्क्रू व नट यांच्यातला प्ले, म्हणजे मोकळी फट, भरून निघेपर्यंत गाडी जागची हलत नाही. प्लेची चूक साचत नाही. दिवसभर काम केलं तरी ती तेवढीच राहते. कमळाची पाकळी सरकते ती या दोन्हींमुळे नाही.

पाकळी एकदम उडी मारून सरकली असेल, तर उडी किती मोठी आहे ते डायल गेज (काट्यावर बारीक अंतर दाखवणारं मापयंत्र) लावून बघा. इथे स्टेपर मोटरची एक गंमत उपयोगी पडते. तिच्या रोटरला 50 दाते असतात. जोर कमी पडून रोटर चुंबकीय पकडीतून निसटला, की तो मन मानेल तिथे थांबत नाही. पुढच्या किंवा मागच्या दात्याच्या जागीच पुन्हा पकडला जातो. एक दाता म्हणजे 7.2 अंश, म्हणजे पूर्ण चार पायऱ्या. 5 मिलिमीटरच्या स्क्रूवर हे अंतर बरोबर 0.1 मिलिमीटर, 10 च्या स्क्रूवर 0.2. म्हणून चूक 0.2, 0.4, 0.6 अशी पटीत येत असेल, तर मोटरला ओझं झेपलेलं नाही, पल्स तिच्यापर्यंत व्यवस्थित पोचत होते. चूक 0.27 सारखी अधलीमधली असेल, तर एकतर कपलिंग घसरलंय, नाहीतर पल्समध्येच घोटाळा आहे. डायल गेजच्या एका वाचनाने अर्धे संशयित सुटतात. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि ते कुणीच का करत नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

उडी नाही, पण काम हळूहळू वाहवत जातंय, असंही होतं. हे सगळ्यात नीट दिसतं उठावाच्या कामात. गणपतीचा मुकुट हव्या त्या खोलीचा निघतो आणि पायांपर्यंत येता येता कोरीव काम एखाद-दोन मिलिमीटर उथळ झालेलं असतं. झेडचा, म्हणजे उभा अक्ष अशा कामात हजारो वेळा वर-खाली होतो. प्रत्येक वेळी कंट्रोलर आधी दिशेचा सिग्नल बदलतो आणि मग पल्स सोडतो. बऱ्याच ड्रायव्हरना या दोहोंत साधारण 5 मायक्रोसेकंदांचं अंतर लागतं. ते मिळालं नाही, किंवा पल्सची कड (तो चढताना मोजायचा की उतरताना) सेटिंगमध्ये उलटी निवडली गेली, की दिशा पालटताना एखादा पल्स चुकीच्या बाजूला मोजला जातो. दोन्ही वळणांवर सारखंच झालं तर चूक आपोआप फिटते, पण ड्रायव्हरच्या आतले ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारे भाग) चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखा वेळ घेत नाहीत, त्यामुळे ती एकाच बाजूला साचते. एक पल्स म्हणजे जेमतेम 0.003 मिलिमीटर, 500 वळणांत त्याचे दीड मिलिमीटर होतात. यावर उपाय पूर्ण फुकट आहे, सेटिंगमध्ये ती कड बदलायची. मात्र त्याआधी कोलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, आवळलेलं आहे ना ते बघा. वर भुसा फेकणारा स्पायरल बिट ढिल्या कोलेटमधून स्वतःच खाली उतरत जातो आणि काम खोल होत जातं. त्यात मोटरचा काहीच दोष नसतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर तोच प्रोग्राम तीनदा चालवा. आधी बिट काढून, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून. मग स्पिंडल चालू, पण गाडी हवेतच. शेवटी लाकडात. पहिल्याच खेपेला घोळ झाला तर लाकडाला किंवा बिटला बोल लावण्यात अर्थ नाही. वेग, प्रवेग, सेटिंग किंवा यांत्रिक अडथळा पाहा. फक्त लाकडात होत असेल तर बिट बोथट झालाय किंवा एका पासात फार खोल घेताय. आणि स्पिंडल फिरायला लागल्यावर हवेतच होत असेल, तर तो विजेचा गोंगाट, ज्याला आपण नॉइज म्हणतो.

24,000 आरपीएमचं स्पिंडल चालवणारी आणि त्याचा वेग ठरवणारी व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा वीज तोडते आणि जोडते. त्या झटक्यांचा अंश शेजारून जाणाऱ्या पल्सच्या किंवा गाडी टोकाला पोचली की थांबवणाऱ्या लिमिट स्विचच्या तारेत उतरतो. मग लिमिट लागलेलीच नसताना मशीन लिमिट लागली म्हणून थांबतं, किंवा कुणी न पाठवलेले पल्स मोजले जातात. यावर आपल्याकडे ठरलेला सल्ला असा: अर्थिंगचा आणखी एक खड्डा मार. कोकणातल्या जांभ्या कातळावर चांगलं अर्थिंग मिळणं मुळातच कठीण, आणि मे महिन्यात खड्डा सुकला की ते आणखी बिघडतं, हे खरंच. खड्ड्यात पाणी घालत राहा. माणसाचा जीव त्यावर आहे. पण हा गोंगाट जमिनीत जायला धडपडत नसतो, तो जिथून निघाला त्या व्हीएफडीकडे परतायला बघतो. त्याला जवळची वाट द्यायची. स्पिंडलला जाळीवाली शील्ड केबल वापरायची, तिची जाळी व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला घट्ट जोडायची, आणि सिग्नलच्या तारा तिच्यापासून लांबून न्यायच्या. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात. सगळ्या तारा एकाच पट्टीत कोंबलेलं पॅनल दिसायला देखणं असतं, आणि नॉइज तिथेच शिरतो.

विजेचा दुसरा त्रास व्होल्टेजचा. संध्याकाळी वाडीत 230 ऐवजी 180 मिळतात. पॉवर सप्लाय एसएमपीएस असेल तर तो त्याच्या मर्यादेत सांभाळून घेतो. साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर मोटरच्या 48 व्होल्टचे 38 च्या आत येतात. स्टेपरचा जोर वेग वाढला की कमी होतो, आणि व्होल्टेज कमी असेल तर आणखी लवकर. त्यामुळे स्टेप कापताना सुटत नाहीत. एक पाकळी संपवून गाडी रिकामी दुसरीकडे धावते तेव्हा सुटतात, कारण तो सगळ्यात जास्त वेग. मिस्त्री मात्र कापण्याचा वेग कमी करत बसतो. रिकाम्या धावेचा वेग आणि प्रवेग उतरवून बघा.

चतुर्थीत मुंबईकर येतात आणि कारखाना आठ-दहा दिवस बंद राहतो. परतल्यावर गाडी टेबलावर नेमक्या एकाच जागी अडते. रेलवर गाडीचे ब्लॉक जिथे उभे होते तिथे पुसून बघा, तांबूस डाग हाताला लागेल. किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ पत्र्याच्या फटीतून आत येऊन भुशात मिसळतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्के पुरतात. बरणीतलं जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते याचमुळे. रेलवर याच मिठाचा ओला थर बसतो आणि पोलाद गंजतं. बंद करण्याआधी रेल आणि स्क्रू कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. नुसतं वरून ग्रीस थापलं तर भुसा त्यातच रुतून लगदा होतो. चूक नेहमी टेबलाच्या एकाच जागी येत असेल तर यांत्रिक दोष शोधा, प्रोग्रामच्या एकाच ओळीवर येत असेल तर प्रोग्राम बघा.

आणि कधीकधी मशीन निर्दोष असतं. 300 मिलिमीटर रुंदीच्या चपट्या कापाच्या सागवानी फळीतला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. लांबीत जवळजवळ शून्य. जुलैत कोरलेला दरवाजा जानेवारीत चौकटीत खुळखुळला, तर आधी लाकडाच्या रेषेच्या आडवं आणि उभं असं दोन्हीकडून मोजा.

हल्ली या सगळ्यावर क्लोज्ड लूप मोटर घ्या म्हणून सांगतात. तिच्या शेपटाला एन्कोडर असतो, पायरी सुटली तर ती भरून काढते किंवा अलार्म देऊन थांबते. पैसे असतील तर जरूर घ्या. फक्त तो एन्कोडर मोटरचा दांडा किती फिरला ते सांगतो, स्क्रूचं त्याला काही ठाऊक नसतं. कपलिंग ढिलं असेल तर मोटर बरोबर फिरेल, अलार्म येणार नाही आणि सहावी पाकळी तरीही सरकेल.