घरचा कचरा गावाचा झाला तेव्हा : नागपुरातील कचऱ्याची पार्श्वभूमी

ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात टाकावा, ही सूचना नागपूरकरांच्या कानांवर रोज सकाळी कचरागाडीच्या भोंग्यातून पडते. कापडी पिशवी बाळगावी, उरल्यासुरल्या अन्नाचे खत करावे, वस्तू फेकण्याआधी दुरुस्त करून पाहावी, हे सल्लेही त्याच सुरात दिले जातात. त्यामुळे ते कोणीतरी अलीकडेच शोधून काढले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक गोष्टी घराघरांत चालतच होत्या. मधल्या काळात कचरा ही नगरपालिकेची बाब झाली, त्यात प्लास्टिकची भर पडली आणि आता कायदा त्यातली निम्मी कामे पुन्हा घराकडे सोपवू पाहत आहे. नागपुरात कोणता उपाय टिकतो आणि कोणता महिनाभरात बारगळतो, याचे उत्तर बरेचसे या घडामोडींत सापडते.

महाल, इतवारी, सक्करदरा या जुन्या वस्त्यांतल्या घरांतून पूर्वी बाहेर पडणाऱ्या वस्तू फार थोड्या असत. चुलीत लाकडाबरोबर पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडे, जळत असे, तिची राख भांडी घासायला लागे आणि उरलेली परसातल्या अळूच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी जाई. भाजीचे देठ आणि शिळ्या पोळ्या गाईच्या नाहीतर गवळ्याच्या म्हशीच्या वाट्याला येत. तेलाचा पिपा रिकामा झाला की त्याला झाकण बसवून त्यात गहू भरले जात. वर्तमानपत्राची रद्दी किराणा दुकानात पुड्या बांधायला जाई, तर जुने लुगडे आधी गोधडीत, मग पोतेऱ्यात आणि एखादे बरे असलेच तर बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याच्या बदल्यात पातेले येई. लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर उठत आणि त्या पत्रावळी उकिरड्यावर गेल्या की पावसाळ्याअखेर मातीत मिसळलेल्या असत.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना मात्र थोडे थांबायला हवे. तिच्यामागे पर्यावरणाची काळजी फारशी नव्हती. वस्तू महाग होत्या आणि बायकांचे श्रम मोजले जात नव्हते, म्हणून ती चालत होती. शिवाय घराच्या मागच्या दाराने जी घाण उचलली जाई, ती उचलण्याचे काम ठरावीक जातींवर लादलेले होते, आणि ते अमानुष काम कायद्याने थांबवायला १९९३ आणि पुन्हा २०१३ साल उजाडावे लागले. आपली घाण दुसऱ्याने न्यावी आणि त्या दुसऱ्याकडे आपण पाहू नये, ही सवय प्लास्टिकपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि आजही कचरा वेगळा करण्याच्या कंटाळ्यामागे तिचाच वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

नागपूर नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि रस्ते झाडणे, घाण गावाबाहेर नेणे ही सार्वजनिक कामे ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथींनी या कामाला निकड आणली, कारण साचलेला कचरा म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे मरण, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. घाण शिवेबाहेर काढण्याची कल्पना तोवर नागपूरच्या अंगवळणी पडलेलीही होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' या आरोळीसह वस्तीतून बाहेर नेली जाते आणि तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुरुषरूपातले पुतळे, तर फाटके कपडे, कागद, काड्या अशा टाकाऊ सामानातूनच उभे राहतात. नगरपालिकेची कचरागाडी रोज जे करते त्याचा हा वार्षिक सोहळाच म्हणायचा. फरक इतकाच की मारबतीचे दहन झाल्यावर मागे फारसे काही उरत नाही, गाडीने नेलेला कचरा मात्र कुठेतरी उरतोच.

याच विदर्भात गाडगेबाबांनी वेगळी दिशा दाखवली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले बाबा गावात पोहोचले की कीर्तनाआधी खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत आणि गावकरी लाजेने का होईना पण त्यांच्यासोबत उभे राहत. ज्याने घाण केली त्याने ती उचलावी, एवढाच त्याचा अर्थ होता. राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा त्याला बाबांचे नाव दिले. परंतु शहरांत ही शिकवण बरीचशी फलकांवरच राहिली.

कचऱ्याचे खत करण्याच्या पद्धतीचा माग काढायचा तर नागपूरहून इंदूरला जावे लागते. नागपूरसह अनेक भारतीय शहरांच्या नियोजनाचे अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरमध्ये काम करत असताना त्यांनी तिथे दिवाळीच्या निमित्ताने स्वच्छतेची मिरवणूक काढली होती. तिच्यात सफाई कामगारांना हार घालून मानाने चालवले आणि घाणीच्या राक्षसाची व प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळली, हे वाचताना नागपूरकराला मारबत आठवल्यावाचून राहत नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कापसाच्या संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत ती पुस्तकरूपाने मांडली. पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचायचे, ढीग ओलसर ठेवायचा, ठरावीक अंतराने तीनदा वरखाली करायचा आणि साधारण तीन महिन्यांनी खत काढायचे, असा तिचा गाभा आहे. पऱ्हाटी कुजायला फार कठीण जाते, म्हणून हॉवर्ड ती शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती चुरली की मग ढिगात घालत. वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल अशी ही युक्ती आहे. आज बाल्कनीतल्या कुंडीत किंवा भोके पाडलेल्या पिंपात जे खत होते, त्याचे नियम याहून वेगळे नाहीत: ओल्यासोबत सुके हवे, ढिगात हवा खेळायला हवी आणि कठीण वस्तू आधी बारीक करायला हवी.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली नागपूरला महानगरपालिका मिळाली आणि १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे उभी राहिली, जिचे नाव १९७४ पासून नीरी असे झाले. देशातल्या शहरी कचऱ्याची पद्धतशीर मोजदाद या संस्थेने केली, ही नागपूरकरांनी अभिमानाने आणि थोड्या संकोचानेही सांगावी अशी गोष्ट आहे. २००४-०५ मध्ये ५९ शहरांत झालेल्या पाहणीत नागपूरचा रोजचा कचरा सुमारे ५०४ टन, म्हणजे माणशी पाव किलोच्या आसपास भरला. आज तो हजार टनांच्या वर गेला आहे. लोकसंख्या वाढली हे खरेच, पण ती दुप्पट झालेली नाही. प्रत्येक घराचा डबाच मोठा झाला आहे. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग कुजणारा असतो, हेही अशाच पाहण्यांतून पक्के झाले. घराने फक्त ओला कचरा सांभाळला तरी गाडीचे ओझे निम्म्यावर येते, या हिशेबाचा उगम तिथे आहे.

उरलेल्या निम्म्याची कहाणी प्लास्टिकची आहे. १९८० नंतर दूध पातेल्यात मापून घेण्याऐवजी पिशवीतून येऊ लागले, तेल पिप्याऐवजी पाकिटातून आणि शाम्पू बाटलीऐवजी रुपयाच्या पुडीतून. बाजारात जाताना थैली नेण्याची गरज उरली नाही, कारण कॉटन मार्केटपासून गोकुळपेठेपर्यंत प्रत्येक भाजीवाला पन्नी देऊ लागला. विदर्भाने यात स्वतःची एक भर घातली ती खर्ऱ्याची. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना चौकोनी पन्नीत घेऊन पाटावर घोटायचा, त्याच पन्नीची गाठ मारून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा आणि खर्रा संपला की पन्नी तिथेच टाकायची, हा क्रम शहरात दिवसभर चालतो. ही पन्नी इतकी पातळ आणि चिकट असते की कबाडी ती घेत नाही, कचरावेचकही उचलत नाहीत आणि ती थेट नालीत जाते. आरोग्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या घरात खर्रा येतो त्या घराने कापडी पिशवीचा नियम पाळूनही हिशेब जुळत नाही.

प्लास्टिकला आळा घालण्याची निकड राज्याला पाण्याने शिकवली. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाल्यावर तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्यांकडे बोट दाखवले गेले आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांसोबत थर्माकोलची ताटेवाट्याही गेल्या आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. दुधाच्या पिशव्या त्यातून वगळताना त्या ५० पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. ती रुजली असती तर पुष्कळ काम झाले असते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही रामनवमीच्या शोभायात्रेनंतर किंवा हनुमान जयंतीच्या महाप्रसादानंतर रस्ता कसा दिसतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. पळसाची पत्रावळ आजही मिळते. ती मागणारे कमी झाले आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यामागे अतिवृष्टी आणि नदीपात्रातले अडथळे ही मोठी कारणे होती. पण अरुंद पात्रात कचरा अडकला की काय होते याची चर्चा त्यानंतर घराघरांत झाली.

कायद्याचा दुसरा धागा १९९४ च्या सुरतेच्या प्लेगपासून निघतो. त्या साथीने देश हादरला, १९९६ साली पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी शहरी कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि २००० साली देशात प्रथमच शहरी कचऱ्याचे नियम झाले. नागपुरात २००८ च्या सुमारास दारोदार कचरा गोळा करणे सुरू झाले. यामुळे कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या कमी झाल्या, हे मान्य करावेच लागेल. परंतु गाडी दारात येऊ लागल्यावर कचरा आणखीच अदृश्य झाला. तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो, तिथे ओले आणि सुके एकत्र दबले की त्यातून ज्वलनशील वायू तयार होतो, उन्हाळ्यात आगी लागतात आणि तो धूर पूर्व नागपुरातल्या शेजारच्या वस्त्या गिळतात. पश्चिमेकडच्या घरांना त्याचा वास येत नाही.

८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी पुन्हा उंबरठ्याच्या आत आणली. ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करायचे, उघड्यावर काही जाळायचे नाही आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची सोय शक्यतो आवारातच लावायची, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कचरा जाळण्याला ५,००० रुपयांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला.

जाळण्याची ही बंदी आणि घरचे खत यांचा नागपुरात फार जवळचा संबंध आहे. कडुनिंब आणि पिंपळ फाल्गुनाच्या आसपास पाने टाकतात आणि नेमकी तीच पाने फाटकाशी ढीग करून पेटवली जातात. खताच्या पिंपाला सुक्या पानांची खरी गरज पडते ती श्रावणात, जेव्हा ओल वाढून पिंपातून दुर्गंधी येऊ लागते आणि घरातली मंडळी 'हे काढा आता' म्हणतात. दोन पोती पालापाचोळा उन्हाळ्याच्या आधी भरून कोरड्या जागी ठेवला तर पावसाळा निभावतो. मे महिन्यात उलट अडचण येते: पारा ४५ अंशांवर गेला की ढीग वाळून कुजणेच थांबते, म्हणून पिंप सावलीत ठेवून एक दिवसाआड पाणी शिंपडावे लागते. संत्र्याच्या मोसमात डब्यात सालेच साले असतात. ती अख्खी घातली तर ढीग आंबट होऊन मंदावतो, त्यामुळे ती बारीक चिरून, एकदोन दिवस वाळवून थोडी थोडी घालणे बरे. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पिशवीपासून वेगळा न करणे आणि पिशवी विसळून वाळवणे, एवढे केले तर ती कबाड्याकडे जाऊ शकते. सुटा कोपरा कोणीच वेचत नाही.

तिसऱ्या डब्याच्या बाबतीत मात्र मागच्या पिढ्यांकडून उसने घेण्यासारखे काही नाही. मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेले दिवे, घड्याळाच्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, डायपर आणि सॅनिटरी पॅड यांना जुन्या घरात जागाच नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी ना उकिरडा आहे ना बोहारीण. पॅडसोबत ते गुंडाळायची पिशवी उत्पादकाने द्यावी असे २०१६ च्या नियमांत लिहिलेले होते. ती नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करून वेगळे देणे एवढेच घराच्या हाती उरते, आणि गाडीवरच्या माणसाने ते खरोखर वेगळे ठेवले का, हे विचारायला गाडी पुढच्या गल्लीत वळण्याआधी खाली उतरावे लागते.