गोनोरिया: स्लाईड आणि नॅट, दोन्हींचं 'निगेटिव्ह' सारखं नसतं

गोनोरिया म्हणजे परम्यासाठी लॅबमध्ये मुख्यतः दोन तपासण्या होतात. एक ग्राम स्टेनची स्लाईड, म्हणजे नमुना काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहणं; दुसरी नॅट, म्हणजे पीसीआरच्या जातीची, जंतूची जनुकं शोधणारी तपासणी. दोन्ही रिपोर्टांवर 'निगेटिव्ह' हाच शब्द छापलेला असतो. त्यावर किती विसंबायचं हे मात्र रुग्ण पुरुष की स्त्री, त्रास आहे की नाही आणि नमुना कुठला, यावर ठरतं.

पुरुषाला लघवीच्या वाटे पू येत असेल तर स्लाईडसारखी झटपट तपासणी नाही. पांढऱ्या पेशींच्या आत कॉफीच्या बियांसारखे जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू दिसले की निदान जवळपास पक्कं. अशा पुरुषांमध्ये स्लाईड १०० पैकी ९५ हून अधिक लागणी पकडते आणि खोटं पॉझिटिव्ह क्वचितच देते. पू नसलेल्या पुरुषात मात्र बऱ्याच लागणी निसटतात. स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या स्लाईडवर तर जेमतेम निम्म्या सापडतात, कारण तिथे हे जंतू कमी आणि इतर जंतूंची गर्दी जास्त. म्हणून स्त्रीची स्लाईड निगेटिव्ह आली म्हणून तिला मोकळं सोडणं चूकच.

स्लाईड बिघडते ती बहुधा हातानेच. स्वॅब काचेवर घासला तर पेशी फुटतात आणि 'जंतू पेशीच्या आत' ही मुख्य खूणच जाते. तो हलकेच लोळवायचा. रंगवताना अल्कोहोलने धुणं काही सेकंद लांबलं की जांभळे राहायला हवेत ते दुसरे जंतूही गुलाबी दिसू लागतात.

नॅट दोघांतही ९० टक्क्यांहून अधिक लागणी पकडते, अट एकच: नमुना नीट हवा. पुरुषाने तासभर लघवी रोखून पहिल्या धारेची २० ते ३० मिलि द्यायची. डबा काठोकाठ भरला की नमुना पातळ होतो, मधल्या धारेत तर जंतू कमीच. स्त्रियांसाठी योनिमार्गातला स्वॅब चांगला, आणि तो तिने स्वतः घेतला तरी चालतो. तिच्या लघवीच्या नमुन्यात काही लागणी हुकतात. नेहमीचं युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, इथे कामाचं नाही, त्यात हा जंतू वाढतच नाही.

नॅटचेही सापळे आहेत. ती मेलेले जंतूही मोजते, त्यामुळे औषधानंतर दोन आठवड्यांच्या आत केली तर बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. घशात याच कुळातले निरुपद्रवी जंतू असतात आणि काही किट त्यांनाच गोनोरिया समजतात. शिवाय लागण विरळ असलेल्या गटात गणित फिरतं: १००० जणींत ५ बाधित आणि तपासणी ९९ टक्के अचूकपणे 'नाही' म्हणणारी असं धरलं, तर खरे पॉझिटिव्ह सुमारे ५ आणि खोटे १०. अशा वेळी पॉझिटिव्ह रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्यावा.

औषध चालेल का, हे स्लाईड सांगत नाही आणि नेहमीची नॅटही नाही. त्यासाठी या जंतूचं खास कल्चरच हवं, नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा. हा जंतू नाजूक आहे: स्वॅब वाळला किंवा फ्रिजमध्ये ठेवला की मरतो. स्वॅब लगेच थेयर-मार्टिन किंवा चॉकलेट अगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर लावून ३५ ते ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचा आणि ७२ तास वाट पाहिल्याशिवाय 'वाढ नाही' असं लिहायचं नाही.