हात बधिर होतात म्हणून हँडल बदलण्याआधी

रोड बाइकवर तास-दीड तास झाला की हाताला मुंग्या येतात, मान आखडते. मग ग्राहक नवीन हँडल विकत घेतात आणि खोकं घेऊनच आमच्या सायकलच्या दुकानात येतात, 'एवढं बसवून द्या.' बसवून द्यायला आमची ना नाही. पण यातले बरेच जण थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात. तोवर नव्या हँडलवर क्लॅम्पचे (पकडीचे) ओरखडे उठलेले असतात, ते परत करता येत नाही आणि मजुरीही गेलेली असते. म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमचं सांगणं एकच आहे: हँडल सगळ्यात शेवटी बदला.

हँडल बदलायचं तर टेप सोडावी लागते, आणि सोडलेली जुनी टेप पुन्हा धड बसत नाही. ब्रेक-गिअरचे लिव्हर उतरवावे लागतात, केबल मोकळ्या कराव्या लागतात. केबल हँडलच्या आतून गेलेल्या असतील तर पुढचं सगळंच उपसावं लागतं, आणि हायड्रॉलिक ब्रेकचा होज (तेलाची नळी) सोडला की ब्लीडिंग, म्हणजे आत शिरलेली हवा काढणं, आलंच. सीटचा कोन मात्र एका अॅलन कीने दोन मिनिटांत बदलतो.

आणि सुरुवात सीटपासूनच करायची. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम तळहातांवर येतं. सपाट फरशीवर सायकल उभी करून सीटवर पाणसळ ठेवा, लगेच कळेल. दुकानात आम्ही सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पॅडल मारता येणाऱ्या स्टँडवर) लावतो, बेताच्या जोराने पॅडल मारायला सांगतो आणि मग हात हूडपासून (लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीपासून) बोटभर उचलायला लावतो. हात सुटताच अंग पुढे कोसळत असेल तर बहुधा सीट फार पुढे आहे किंवा झुकलेली आहे. अशा वेळी कितीही महागडं हँडल लावलं तरी हात दुखायचे थांबत नाहीत.

कोणती बोटं बधिर होतात हे नीट लक्षात ठेवून या, त्यावरून आम्हाला बरंच कळतं. करंगळी आणि अनामिका असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट मागे दुमडलं जात असण्याची शक्यता जास्त. सायकल ठेवल्यावरही बधिरपणा जात नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

मनगट दुमडण्याचं एक कारण घरीच तयार होतं. हूड जवळ यावेत म्हणून लोक स्टेमचे (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट सैल करून अख्खं हँडल वर फिरवतात. हूड वर येतात खरे, पण मनगट मोडतं आणि खालच्या ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. हँडलच्या वरच्या भागातून हूडवर जाताना जवळपास सपाट रेषा हवी आणि हाताची पकड कोपरापासून सरळ यायला हवी. त्यासाठी लिव्हर थोडे वर सरकवायचे असतात, हँडल फिरवायचं नसतं.

यानंतर स्टेम. खरा फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. 100 मिमी लांबीचा, 6 अंशांचा स्टेम खालच्या दिशेला लावलेला असेल तर तोच उलटा करून बसवा. हँडल साधारण 2 सेंटिमीटर वर येतं आणि थोडं जवळही सरकतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. त्याने भागलं नाही तर 10 मिमी आखूड स्टेम. आमच्याकडे वेगवेगळ्या लांबीचे आणि कोनांचे स्टेम फक्त चालवून बघण्यासाठी ठेवलेले आहेत. लावा, दोन-चार लांब राइड करा, मग ठरवा. स्टेमवर उरलेले स्पेसर (कड्या) दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून स्टिअरर (स्टेम ज्यावर बसतो ती फोर्कची नळी) लगेच कापून मागणारे खूप असतात. आम्ही ते टाळतो, कारण कापलेला स्टिअरर पुन्हा वाढत नाही. मात्र कार्बन स्टिअररवर स्टेमखाली किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते, ती आम्ही ओलांडत नाही.

स्टेम घरी बदलणार असाल तर एवढं पाळा. वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटची (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगची) ढिलाई काढण्यापुरताच असतो, स्टेम धरून ठेवण्याचं काम तो करत नाही. आधी टोपी, मग स्टेम चाकाच्या रेषेत, मग बाजूचे बोल्ट, आणि तेही टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) स्टेमवर छापलेल्या आकड्यापर्यंत. कार्बन भाग असेल तर हाताच्या अंदाजावर अजिबात जाऊ नका.

हे सगळं करून उरलीच तक्रार, तर हँडल. आमचा सर्वात जास्त वेळ इथे जातो तो रुंदीच्या आकड्यापायी. काही कंपन्या रुंदी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरून बाहेरपर्यंत. नळी सुमारे 24 मिमी जाड असते, म्हणजे एकाचं 42 सेंटिमीटर हे दुसऱ्याचं जवळपास 40. फाकलेल्या ड्रॉपच्या हँडलमध्ये हूडपाशी आणि खाली टोकाला वेगळं माप येतं, ते निराळंच. 'आधीही 42 होतं, हेही 42 आहे' म्हणत आणलेलं हँडल म्हणूनच हाताला परकं वाटतं. खांद्याच्या हाडांच्या टोकांमधलं अंतर हा सुरुवातीचा अंदाज, अंतिम उत्तर नव्हे.

रुंदीइतकीच रीच, म्हणजे हँडल पुढे किती जातं ते अंतर, पाहा. जुन्या पद्धतीच्या हँडलची रीच 90 मिमीच्या आसपास असते, कॉम्पॅक्टची 70 ते 80. म्हणजे हँडल बदलताच हूड सेंटिमीटरभर किंवा जास्तच जवळ येतात, आणि आधी आखूड केलेला स्टेम पुन्हा लांब करायची वेळ येऊ शकते. क्लॅम्पचा व्यास आज बहुधा 31.8 मिमी असतो, पण जुन्या सायकलींवर 26 मिमीही सापडतो. पट्टी घालून तो जुळवू नका. सरळ हँडल लावायचा विचार असेल तर तिथली नळी 22.2 मिमीची असते, रोडचे लिव्हर त्यावर बसत नाहीत. म्हणजे ब्रेक-गिअरचे लिव्हरही नवे घ्यावे लागतात.

नवीन हँडल लावल्यावर पहिल्या काही राइड आम्ही जुनीच टेप तात्पुरती गुंडाळून देतो. ओबडधोबड दिसते, पण लिव्हर दोन-चार मिलिमीटर हलवायचे झाले तर नवी टेप वाया जात नाही. जागा पक्की झाली की जाड टेप घाला. टायरमधली हवाही एकदा वजनाप्रमाणे तपासून घ्या. दगडासारख्या टायरचे हादरे कोणतीच टेप शोषत नाही.

येताना सायकल, नेहमीचे बूट आणि ग्लोव्ह्ज आणा. हँडल आधीच घेतलं असेल तर खोकं न फोडता आणा. आधी सीट आणि स्टेम बघू. गरज नसेल तर ते तसंच परत करता येईल, आणि गरज असेल तर बरोबर मापाचं आमच्याकडे हातात धरून निवडता येईल.